रबर बोर्डातला साहेब

दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवत, ते दिवस वाचकांपैकी अनेकांना आठवत असतील. घरोघर जेवणं आटोपलेली, निम्मी माणसं आडवी झालेली, आणि पडद्यावर कुणीतरी बंगाली किंवा आसामी गृहस्थ फार सावकाश नदी ओलांडताहेत. खाली इंग्रजी ओळी. आमच्याकडे या चित्रपटांना ‘झोपेचं औषध’ असं नाव होतं. ते औषध मी एकटाच जागेपणी घेत असे.

त्या रविवारी मात्र सौ.ही येऊन बसली, कारण चित्रपट मल्याळी असला तरी त्यात स्मिता पाटील होती. स्मिता जाऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’मधली आपली स्मिता इथे तमिळ शेतमजुराची नवी नवरी होऊन धुक्यातल्या डोंगरावर आली होती. चित्रपटाचं नाव ‘चिदंबरम्’, साल १९८५, दिग्दर्शक जी. अरविंदन. कथा सी. व्ही. श्रीरामन यांची.

गोष्ट अगदी थोडी आहे. केरळ-तमिळनाडू सीमेवरच्या सरकारी गुरांच्या फार्मवर शंकरन नावाचा अधिकारी असतो. भला, थोडा एकलकोंडा. मुनियांडी हा तिथला मजूर. साहेब त्याला माणसासारखं वागवतो, त्याच्या लग्नालाही जातो. मुनियांडी बायकोला, शिवकामीला, घेऊन येतो. साहेब आणि शिवकामी यांच्यात हळूहळू जे व्हायचं ते होतं. मुनियांडीला कळतं आणि तो गोठ्यात गळफास लावून घेतो. साहेब पळतो. दारू पितो, भटकतो, औषधं करतो, देवळं पालथी घालतो. शेवटी चिदंबरमच्या देवळाबाहेर भाविकांच्या चपला सांभाळत बसलेली एक बाई मान वर करते. ती शिवकामी असते. पुढे संवाद नाही. कॅमेरा गोपुरावरून वर वर चढत जातो, बस्स.

सौ. चहा टाकायला उठली. मी उठलो नाही.

कारण सांगायला हवं. त्याच्या काही महिने आधी आमच्या शाखेत रोख रकमेत तूट आली होती. दोन हजार रुपये. त्या काळी रक्कम लहान नव्हती. स्ट्राँगरूममधून काउंटरपर्यंत पेटी वाहणारा एक शिपाई होता, त्याच्यावर संशय आला. म्हणजे सगळ्यांनी मिळून तो आणला. त्याच्याविरुद्धच्या अहवालावर दुसरी सही माझी लागत होती. हा मनुष्य रोज सकाळी माझ्या टेबलावरची धूळ पुसायचा. माझी पहिली कथा छापून आली तेव्हा त्याने बायकोकडून ती वाचून घेतली होती, स्वतःला वाचता येत नव्हतं म्हणून. मला खात्री नव्हती. मोठ्या साहेबांनी कागद पुढे सरकवला, मी सही केली. पाच महिन्यांनी हिशेब लागला. चूक काउंटरवरची होती. तोवर तो राजीनामा देऊन गावी निघून गेला होता. सातारा जिल्ह्यातलं गाव.

शंकरनचा गुन्हा वेगळा आणि माझा वेगळा, हे मलाही समजतं. पण साहेब चांगला असतो, त्याच्या हातून एक गोष्ट होते, आणि किंमत खालचा माणूस मोजतो, हे गणित मला त्या दुपारी फार ओळखीचं वाटलं. म्हणून हा अरविंदन कोण, याचा शोध मी सुरू केला.

शाखेत कोट्टयमचे एक सहकारी होते, त्यांच्याकडून पहिली बातमी मिळाली. ‘‘अरविंदन? अहो, तो आपल्यासारखाच. रबर बोर्डात अधिकारी होता.’’ मी चाट पडलो. मोठा कलावंत म्हणजे नोकरीवर लाथ मारून निघालेला, अशी आपली समजूत असते. पहाटे पाच ते सात लिहून नऊ-बावीसची लोकल पकडणाऱ्या माझ्यासारख्याला त्या समजुतीचा थोडा त्रासही होत असे. आणि इथे हा गृहस्थ रबराच्या फायली पाहता पाहता पहिला चित्रपट करून मोकळा झाला होता.

अरविंदन यांचा जन्म कोट्टयमचा, १९३५ सालचा. वडील एम. एन. गोविंदन नायर हे विनोदी लेखक. मुलगा हसवायला शिकला तो रेषेतून. ‘मातृभूमी’ साप्ताहिकात १९६१ ते १९७३ त्यांची व्यंगचित्रमाला चालली. तिच्या नावाचा अर्थ ‘छोटी माणसं आणि मोठं जग’. तिचा नायक रामू हा सुरुवातीला शिकलेला, गरीब, नोकरीच्या शोधातला सरळ तरुण. वर्षं जातात तसा तो पैसेवाला होतो आणि बिघडत जातो. वर्तमानपत्री पात्रं सहसा वयानं वाढत नाहीत. हा रामू वाचकांच्या डोळ्यांदेखत बदलला. एका परीने बारा-तेरा वर्षं चाललेली ती कादंबरीच. कादंबरीकार म्हणून मला तिचा हेवा वाटतो.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, कोळिकोडच्या मित्रमंडळींच्या बळावर, त्यांनी ‘उत्तरायनम्’ केला. पटकथेत तिक्कोडियन सोबत होते, पैसे पट्टत्तुविळा करुणाकरन या कथाकार मित्राचे. चित्रपटाचं शिक्षण म्हणाल तर शून्य. आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेले अदूर गोपालकृष्णन एकीकडे, आणि कुठेच न शिकलेले अरविंदन दुसरीकडे. पुण्याचा हात मात्र त्यांनाही लागला. ‘कांचनसीता’पासून त्यांचे बहुतेक चित्रपट टिपणारे शाजी एन. करुण त्याच संस्थेचे विद्यार्थी.

‘कांचनसीता’ (१९७७) ही सीतात्यागानंतरची कथा. राम-लक्ष्मण म्हणून त्यांनी आंध्रमधल्या रामा चेंचू आदिवासींना उभं केलं आणि सीता दाखवलीच नाही. वारा सुटतो, पानं हलतात, ती सीता. नटवलेल्या कॅलेंडरमधल्या रामाची सवय झालेल्यांना हे रुचलं नाही, पण उत्कृष्ट दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळालं. पुढच्याच वर्षी ‘तंपू’साठी पुन्हा, आणि नंतर ‘ओरिडत्तु’साठी तिसऱ्यांदा.

‘तंपू’ म्हणजे तंबू. भारतपुळा नदीकाठच्या खेड्यात सर्कस येते, काही दिवस राहते, निघून जाते. कलावंत खऱ्या सर्कशीतले, प्रेक्षक खरे गावकरी. खेळ पाहताना ते कॅमेरा विसरले आणि त्यांचे चेहरे टिपले गेले. म्हाताऱ्या बायकांचे आ वासलेले चेहरे पाहावेत ते तिथेच. इथे एक मराठी धागाही आहे बरं का. केरळातलं तलश्शेरी हे सर्कशीचं माहेर मानतात, पण तिथल्या कीलेरी कुञ्ञिकण्णन या कसरतगुरूंना त्या वाटेला लावलं ते आपल्या विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीने.

नातवंडांना दाखवायचा असेल तर ‘कुम्माट्टी’ (१९७९) दाखवा. मुलांना जनावरं बनवणारा एक दाढीवाला म्हातारा गावात येतो. एक पोर कुत्रा झाल्यावर हाकललं जातं आणि तसंच राहून जातं. पुन्हा माणूस झाल्यावर तो पहिलं काम काय करतो, ते मी सांगत नाही. माझी नात ते पाहून पिंजऱ्यातल्या पोपटांच्या विषयी आठवडाभर भांडत होती.

या सगळ्यामागे पैसे कुणाचे, हा प्रश्न बँकवाल्याला पडणारच. कोल्लमचे काजूचे व्यापारी के. रवींद्रनाथन नायर यांनी अरविंदन यांचे ओळीने पाच चित्रपट काढले. काजूतला नफा असा खर्च करणारा खातेदार माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला भेटला नाही. ते २०२३ साली गेले, शाजी २०२५ साली.

अरविंदन १५ मार्च १९९१ रोजी गेले, छप्पन्नाव्या वर्षी. ‘वास्तुहारा’ हा बंगाली निर्वासितांवरचा त्यांचा शेवटचा चित्रपट. ‘कुम्माट्टी’ची प्रत २०२१ साली नव्याने सिद्ध झाली, ‘तंपू’ची २०२२ साली कान महोत्सवात दाखवली गेली.

निवृत्तीनंतर दक्षिणेच्या सहलीत आम्ही चिदंबरमला गेलो. गोपुरापाशी चपला ठेवायच्या होत्या. तिथल्या बाईने टोकन दिलं. सौ. पुढे निघाली, मी घुटमळलो. तिने विचारलं, ‘‘काय झालं?’’ मी काही नाही म्हणालो.

त्या शिपायाचं गाव मला ठाऊक आहे. तिथे थेट एस. टी. जाते. मी अजून गेलेलो नाही.