जागता ज्वालामुखी पाहावयास जाताना

ज्वालामुखी म्हटला की शाळेच्या भूगोलातील चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. शंकूसारखा डोंगर, माथ्यावर आग आणि पायथ्याशी जीव घेऊन पळणारी माणसे. परंतु सुटी काढून, बोटीचे भाडे भरून, अशा डोंगराच्या दिशेने चालत जाणारी माणसेही दरवर्षी हजारोंनी निघतात. ती वेडी असतात असे नव्हे. काय पाहावयाचे आणि कोठवर जावयाचे, हे मात्र त्यांना निघण्यापूर्वीच ठाऊक असावयास हवे. आज आपण त्याचाच थोडा विचार करू, आणि त्यासाठी इटलीतील स्ट्राँबोली हे बेट घेऊ. आम्ही सुटीत पाहिले तेही हेच.

सिसिलीच्या उत्तरेस मिलाझ्झो नावाचे बंदर आहे. तेथून बोटीने स्ट्राँबोलीला जाता येते. बेट म्हणजे सबंध एकच डोंगर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ९२४ मीटर. पण त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी, आणखी सुमारे दोन हजार मीटर खाली आहे. म्हणजे आपण पाहतो तो नुसता शेंडा. पायथ्याशी पांढऱ्या घरांचे गाव, काही शे माणसांची वस्ती, आणि वर दर दहा-वीस मिनिटांनी उडणारा लाल फवारा. हा क्रम निदान हजार वर्षे तरी चालू आहे. रात्री दुरून तो दिसतो, म्हणून खलाशांनी या बेटाला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ हे नाव दिले.

इतकी शिस्त डोंगराला आली कोठून? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात सापडते. पिठले रटरटू लागले म्हणजे तळाशी वाफेचा बुडबुडा तयार होतो, तो वर सरकतो, पृष्ठाशी येऊन फुटतो आणि हातावर चटका बसतो. पुन्हा क्षणभर शांतता, पुन्हा बुडबुडा. स्ट्राँबोलीच्या नळीत पिठल्याच्या जागी शिलारस असतो, आणि वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड व गंधकाचे वायूही असतात. येथील शिलारस बराच पातळ आहे, त्यामुळे वायू फारसे कोंडून राहत नाहीत. थोडे थोडे साठतात आणि थोडे थोडे सुटतात. शिलारस घट्ट असता, तर वायू वर्षानुवर्षे अडकून पडले असते आणि एके दिवशी डोंगराचे टोपणच उडाले असते. या ठरावीक, बेताच्या स्फोटांना शास्त्रज्ञ जगभर याच बेटाचे नाव देतात.

चढण संध्याकाळी सुरू करतात, कारण दिवसा नुसता धूर दिसतो. आम्हीही उन्हे उतरल्यावर निघालो. आधी बोरूसारख्या उंच गवतातून वाट जाते, पुढे भुसभुशीत काळी राख लागते. तीत दोन पावले पुढे जावे तर एक मागे येते. वाटाड्या प्रत्येकाला शिरस्त्राण देतो. बाजूस शारा देल फुओको नावाची प्रचंड काळी उतरण आहे. वरून उडालेले दगड तिच्यावरून गडगडत थेट समुद्रात जातात. अंधार पडला की आधी लाल कारंजे दिसते आणि मागाहून गडगडाट कानांवर येतो. ठिणग्या वाटतात त्या ठिणग्या नसून तापलेले धोंडे आहेत, हे त्यांच्या घरंगळण्याच्या आवाजावरून कळते. सगळी मंडळी गप्प होतात, आणि मग लहान मुलांसारखी पुढच्या स्फोटाची वाट पाहत बसतात.

आता, आपल्यापैकी अनेकांना गडकिल्ल्यांची सवय आहे. सह्याद्रीचा काळा कातळही लाव्ह्याचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून थरांवर थर पसरला आणि केव्हाच निवून गेला. तेथे भीती असते ती पाय घसरण्याची. बालेकिल्ल्यावर पोचल्याशिवाय गड पाहिल्याचे समाधान आपल्याला नसते. हीच सवय स्ट्राँबोलीवर घात करणारी आहे. येथे भय पायाखाली नसून डोक्यावर आहे, आणि माथा गाठणे हा पराक्रम मुळीच नाही.

२०१९ पर्यंत वाटाडे लोकांना विवरांच्या वरच्या कड्यावर, ९१८ मीटरपर्यंत नेत असत. त्या वर्षी ३ जुलैला दुपारी पावणेपाचच्या सुमारास नेहमीच्या स्फोटांच्या शेकडो पट मोठा स्फोट झाला. राखेचा स्तंभ काही किलोमीटर उंच गेला, झाडोरा पेटला, डोंगरावर फिरणारा एक पदयात्री मृत्युमुखी पडला. सहलींच्या तुकड्या सूर्यास्ताच्या बेताने माथ्यावर जात. हाच स्फोट तीन-चार तास उशिरा झाला असता तर काय झाले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. २८ ऑगस्टला तसाच दुसरा स्फोट झाला. अशा वेळी नळीतला नेहमीचा शिलारस उडत नाही; कित्येक किलोमीटर खोलीवरचा, वायूंनी भरलेला ताजा रस वेगाने वर येतो. म्हणून गेली दहा वर्षे काही झाले नाही, हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. नियमितपणा वरच्या रसाचा आहे, खालच्याने तो कधीच कबूल केलेला नाही.

जपानमधील ओन्ताके डोंगरावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास, असंख्य लोक शरदाची रंगीत पाने पाहावयास गेले असता ६३ जण मृत वा बेपत्ता झाले. इशाऱ्याची पातळी त्या दिवशी सर्वांत खालची होती. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी ४७ माणसे होती. त्यांतील २२ दगावली. या दोन्ही ठिकाणी मुख्यतः जमिनीतील पाण्याची कोंडलेली वाफच उसळली होती, आणि वाफ पुरेशी सूचना देत नाही. आपल्या देशातील एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तो बोटीतूनच पाहावा लागतो, याची खंत करू नये.

२०१९ नंतर स्ट्राँबोलीचा माथा बंद झाला. पुढे वाटाड्यासह ४०० मीटरपर्यंत आणि एकट्याने २९० मीटरपर्यंत जाऊ देऊ लागले. डोंगराची प्रकृती पाहून ही मर्यादा आणखी खालीही आणतात. काही प्रवाशांना हे फसवणुकीसारखे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ४०० मीटरवरून कारंजे संपूर्ण दिसते. जवळ गेल्याने भर पडते ती धगीची आणि गंधकाच्या खोकल्याची.

फ्लॉरेन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी डोंगरात जमिनीचा कल मोजणारी उपकरणे बसविली आहेत. मोठ्या स्फोटापूर्वी काही मिनिटे डोंगर किंचित फुगतो. तो फुगवटा दिसताच भोंगा वाजावा अशी योजना आहे. काही मिनिटांत ९०० मीटर उतरणे अशक्य, परंतु खालच्या वाटेवरून आडोसा गाठता येतो. भोंगा समुद्राच्या लाटेसाठीही आहे. ३० डिसेंबर २००२ रोजी त्या काळ्या उतरणीचा एक भाग कोसळून समुद्रात गेला आणि उसळलेल्या लाटांनी किनाऱ्यावरची घरे मोडली. लाटेचा इशारा झाला तर किनारा सोडून चढावे लागते, आणि स्फोटाचा झाला तर छपराखाली जावे लागते. तेव्हा बेटावर उतरल्याबरोबर कोणता भोंगा कशाचा, एवढे वाटाड्याला विचारून घ्यावे आणि मगच वाटेला लागावे.