तिसरीचा वर्ग : आठवडाभर तिथे चालते काय?

‘आज शाळेत काय शिकवलं?’ हा प्रश्न संध्याकाळी घरोघर विचारला जातो आणि ‘काही नाही’ हे उत्तर घरोघर मिळते. मूल खोटे बोलत नसते. दिवसभरात आपल्या डोक्यात काय शिरले याचा हिशेब आठ वर्षांच्या मुलाला देता येत नाही. तो मोठ्यांनाही नीट देता येत नाही. मग आपण वही उघडतो, पाने मोजतो, आणि पाने भरलेली दिसली की निश्चिंत होतो. पानांवरून मात्र तिसरीच्या वर्गात काय चालले आहे ते समजत नाही. म्हणून आज आपण त्या वर्गात जरा डोकावून पाहू. आपला वर्ग नवी मुंबईतला आहे असे धरू. वाशी, घणसोली, नेरूळ, कुठलाही घ्या.

तिसरीच का, पाचवी का नाही, असे आपण विचाराल. कारण असे की, तिसरी हा प्राथमिक शाळेतला उंबरठा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून पायाभूत टप्पा धरला आणि तिसरीपासून नवा टप्पा सुरू केला. धोरण नसते तरीही अनुभवी शिक्षकांनी हेच सांगितले असते. दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून ते शिकण्यासाठी वाचू लागते. भाषेच्या पुस्तकातला धडा बाई मोठ्याने वाचतात, मुले मागून म्हणतात, त्यामुळे न वाचता येणारेही त्यात खपून जाते. परिसर अभ्यासाचे पुस्तक हाती आले, किंवा ‘एका टोपलीत ४८ आंबे आहेत...’ असे शाब्दिक उदाहरण समोर आले, की हे झाकलेले उघडे पडते. गणितात कच्चा म्हणून ज्याच्या नावाने घरात ओरडा होतो, तो पुष्कळदा गणितात कच्चा नसतोच. त्याला उदाहरण वाचता आलेले नसते.

ही गोष्ट किती मोठी आहे ते पाहा. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवला गेला. तो वाचू शकणारी मुले शेकडा २३.४ निघाली; २०२२ साली ती १६.३ होती. ही पाहणी खेड्यांपुरती असते, तेव्हा ते आकडे वाशी-नेरूळला तसेच चिकटवू नयेत. पण शहर आहे म्हणून प्रश्न नाही असेही समजू नये. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत ‘निपुण भारत’ नावाचे अभियान सुरू केले, त्यात तिसरीच्या अखेरीचे माप दिले आहे: मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द, अर्थ समजून, वाचावेत, आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या त्याला वाचता-लिहिता याव्यात.

साठ शब्द हे ऐकून काही पालक घड्याळ लावून बसतात. तसे करू नका. वेग मोजण्यामागचे कारण साधे आहे. एकेक अक्षर जुळवत मूल वाक्याच्या शेवटाशी पोहोचते, तोवर वाक्याची सुरुवात त्याच्या मनातून गेलेली असते; मग अर्थ लागायचा कसा? शिवाय आपल्या मराठीत शब्दाला शेपट्या फार. ‘मुलांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याचे तीन-चार होतील. तेव्हा वेगाकडे लक्ष असावे, पण त्याचे वेड नसावे. मुलाने वाचून झाल्यावर ‘मग पुढं काय झालं?’ एवढे विचारावे. सांगता आले तर साठाच्या ठिकाणी पन्नास असले तरी चालतील.

वाचनात अडखळण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत, आणि तिसरीच्या बाई त्या बरोबर ओळखतात. पहिली जागा जोडाक्षरांची. त्यातही ‘र’ हे अक्षर म्हणजे बहुरूपी! ‘प्रकाश’मध्ये तो तिरकी रेघ होऊन पोटात शिरतो, ‘ट्रक’मध्ये खाली काकपद होऊन बसतो, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो आणि ‘दऱ्या’मध्ये आडवा पडतो. त्यातला डोक्यावरचा रफार सर्वांत फसवा. उच्चार आधी, आणि चिन्ह मात्र पुढच्या अक्षराच्या माथ्यावर. ‘पर्वत’ वाचताना मूल ‘प’ नंतर ‘व’कडे जाते, वर चिन्ह दिसते, मग मागे येते. हे मागे येणे डोळ्यांच्या सवयीने जमते आणि सवय वाचूनच लागते. एकदा समजावून सांगितले की झाले, असे इथे नाही.

आता वेळेचा हिशेब करू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला निदान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे; म्हणजे दिवसाला चार तास. वर्गात तीस मुले धरा. बाईंनी प्रत्येकाला दोन मिनिटे प्रकट वाचन करायला लावले, तर त्यातच एक तास जातो. रोज तसे करणे कुणालाही शक्य नाही. याचा अर्थ, आठवड्याभरात एका मुलाला स्वतःच्या आवाजात, बाईंच्या कानासमोर, वाचायला मिळणारा वेळ फार फार तर चार-सहा मिनिटे. घरी आजी-आजोबांपैकी कुणी भाजी निवडताना दहा मिनिटे ऐकून घेतले, तर एका संध्याकाळीच ते शाळेच्या आठवड्याहून जास्त होईल. ऐकणाऱ्याला स्वतःला वाचता आले पाहिजे असेही नाही. गोष्ट कळली की नाही एवढे तरी तो नक्कीच सांगू शकतो.

आता गणिताकडे वळू. इथे आपल्या भाषेनेच एक गंमत करून ठेवली आहे. ‘त्रेपन्न लिही’ म्हटले की मुलाच्या कानावर आधी ‘तीन’ पडतात आणि मागून ‘पन्नास’. ते ३५ लिहिते. आपण म्हणतो, लक्ष नाही! लक्ष असते हो. कानाने जे दिले तेच हाताने मांडले. इंग्रजीत वा कानडीत दशक आधी येतो, एकक मागून. तिथे उच्चाराचा आणि लेखनाचा क्रम जुळतो. मराठीत, हिंदीत आणि तिकडे जर्मनीतही, एकक आधी. वर आपल्याकडे ‘एकोणतीस’ आहेच: तिसाला एक उणा. म्हणजे तीस हा शब्द ऐकायचा आणि लिहायचे मात्र विसाच्या घरातले.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘नव्वद दोन’ अशी वाचनाची जोड-पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागची बाजू मांडली होती: लहान मुलांना जोडाक्षरांनी भरलेले हे शब्द आणि उलटा क्रम जड जातात. विनोद पुष्कळ झाले, विचार थोडा झाला. माझे मत विचाराल तर, ‘त्रेपन्न’ हा शब्द टिकला पाहिजे, कारण तो बाजारात आणि घरात जिवंत आहे. पण तो पक्का होईपर्यंत ‘पन्नास तीन’ची काठी हाती दिली तर भाषा बुडत नाही. नवी मुंबईत तर याला आणखी एक पदर आहे. सेमी-इंग्रजी वर्गातले मूल शाळेत ‘फिफ्टी थ्री’ म्हणते, आजीकडे ‘त्रेपन्न’ ऐकते आणि रिक्षावाल्याकडून ‘तिरपन’. तीन शब्द, एकच संख्या. बिचाऱ्याने एखाद्या वेळी आकडे उलटे लिहिले तर नवल काय?

तिसरीच्या गणिताचा खरा गाभा म्हणजे स्थानिक किंमत, आणि तिची परीक्षा होते वजाबाकीत. ४०२ वजा १७५ हे उदाहरण घ्या. पुष्कळ मुले उत्तर ३७३ आणतात. कसे आणतात ते बघा. एककाच्या घरात २ मधून ५ जात नाहीत, म्हणून ती ५ मधून २ काढतात, ३ उरले. पुढे शून्यातून ७ जात नाहीत, तर ७ मधून शून्य काढतात. मग ४ मधून १ गेला, ३. म्हणजे मुलाने एक नियम मनाशी धरला आहे: मोठ्यातून लहान काढायचे. तो नियम चुकीचा, पण तो पाळला आहे अगदी प्रामाणिकपणे. लाल फुली मारून तो जात नाही. शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी समोर ठेवा. दुकानदाराला १७५ द्यायचे आहेत. सुटे कुठून आणणार? शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्याव्या लागतील, आणि त्यातली एक दहाची मोडून दहा सुटे. आता मोजा: शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, सुटे बारा. त्यातून १७५ गेले, उरले २२७. ज्याला मोबाइलवरून पैसे देण्याच्या या काळात सुट्या पैशांची सवयच लागलेली नाही, त्याला ही नोट मोडण्याची क्रिया मुद्दाम करून दाखवावी लागते. पूर्वी वाण्याच्या दुकानात ती फुकट शिकून व्हायची. पाढे, अर्धा-पाव-पाऊण, घड्याळ, लांबी आणि वजन हेही वर्षभरात येते. त्याबद्दल वेगळे सांगत नाही.

परिसर अभ्यास हा विषय मात्र नवी मुंबईसारख्या गावी शिकवायला जितका सोपा तितकाच अवघड आहे. सोपा अशासाठी की, दिशा शिकवायला याहून चांगली जागा मिळायची नाही. घणसोलीच्या किंवा रबाळ्याच्या शाळेच्या गच्चीवर उभे राहा. पारसिकच्या डोंगरामागून सूर्य उगवतो, खाडीपलीकडे मुंबईच्या बाजूला मावळतो. पूर्व आणि पश्चिम भिंतीसारख्या समोर उभ्या. खाडीचे पाणी भरती-ओहोटीला चढते-उतरते, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पुस्तकातल्या चित्राची गरज काय?

आणि अवघड अशासाठी की, ‘आपला जिल्हा’ म्हणजे कोणता, हे इथे चटकन सांगता येत नाही. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने तिसरीचे हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी निराळे काढण्याची प्रथा ठेवली आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. पण लोकलने बेलापूरहून पुढच्या खारघर स्टेशनावर उतरलात की जिल्हा बदलला! बेलापूरचे मूल ठाणे जिल्ह्याचे, खारघरचे मूल रायगडचे. शहर एकच म्हणायचे, कारण सिडकोने १९७० नंतर ते ९५ गावांच्या जमिनीवर वसवले ते ठाणे, पनवेल आणि उरण अशा तीन तालुक्यांत पसरून. महापालिकाही दोन. नवी मुंबईची १ जानेवारी १९९२ पासून, पनवेलची २०१६ पासून. बेलापूरच्या मुलाला नळाचे पाणी विचाराल तर ते येते मोरबे धरणातून. धरण महापालिकेच्या मालकीचे, पण उभे आहे खालापूर तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. ‘आपल्या जिल्ह्यातील धरणे’ या प्रश्नाचे उत्तर त्याने मग काय लिहावे?

घरातही एकवाक्यता नसते. पनवेलच्या आजोबांनी शाळेत कुलाबा जिल्हा पाठ केला. रायगड हे नाव १९८१ चे. ठाण्याकडच्या बाबांना पंधरा तालुक्यांची यादी येते, त्यात डहाणू, जव्हार, वसई आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि ठाण्याकडे सातच तालुके उरले. अशा वेळी ‘तुझ्या पुस्तकात चूक आहे’ असे मुलाला सांगून मोकळे होऊ नये. तिघांच्या तीन याद्या शेजारी शेजारी मांडाव्यात. नकाशा माणसे काढतात आणि बदलतात, ही गोष्ट आठव्या वर्षी कळली तर इतिहास आणि भूगोल दोन्ही एकदमच सुरू झाले म्हणायचे. दिवाळ्याच्या किंवा वाशीगावच्या कोळी-आगरी घरातल्या मुलाकडे तर आणखी माहिती असते. सेक्टरच्या आधी तिथे शेत होते की मिठागर, हे त्याच्या आजीला ठाऊक असते. सेक्टर नंबराच्या इमारतीत वाढलेल्या मुलांना ते त्याने सांगावे. ज्याचे इंग्रजी जेमतेम, तो त्या तासाला वर्गाचा गुरुजी होतो.

सीबीएसईच्या शाळांत, त्यात आता महापालिकेच्याही काही आल्या, २०२४ पासून तिसरीला नवी पुस्तके लागली: गणिताचे ‘मॅथ्स मेला’, इंग्रजीचे ‘संतूर’, परिसराचे ‘आवर वंडरस वर्ल्ड’. पुस्तके देखणी आहेत, कृतींवर भर आहे. पण ती साऱ्या देशासाठी एकच, तेव्हा पारसिकचा डोंगर त्यात शोधू नका. तो शिक्षकाने आणि आपण घालायचा.

आठवड्यात याशिवाय कला, कार्यानुभव, खेळ यांचे तास असतात. परीक्षा जवळ आली की प्रथम त्यांच्यावर गदा येते, हे बरे नव्हे. इंग्रजी तर महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच सुरू होते, त्याचा आपण बाऊ करतो तेवढा मुले करत नाहीत.

राहिला प्रकल्प. रविवारी रात्री नऊला घरात जी धावपळ उडते तिचे नाव प्रकल्प! स्टेशनरीच्या दुकानात तयार चित्रे मिळतात, आई कापते, बाबा चिकटवतात, मूल झोपी जाते. आकारिक मूल्यमापनात अशा कामाला गुण असतात, म्हणून ही हौस. वास्तविक बाईंना हवे असते ते असे की, मुलाने सोसायटीतल्या पाच घरी जाऊन पाणी किती वाजता येते ते विचारावे आणि वेड्यावाकड्या अक्षरात तक्ता करावा. पुढच्या पालकसभेला गेलात की गुणांच्या आधी बाईंना दोन गोष्टी विचारा: माझे मूल न पाहिलेला उतारा एकटे वाचते का, आणि हातच्याच्या वजाबाकीत ते नेमके कुठे थांबते? बाईंकडे या दोन्हींचे उत्तर असते. विचारणारे थोडे असतात.