नाव झाका, आकडा उघडा

१६,१५,०६९. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या एवढी भरली. २००१ मध्ये ती १६,९६,७७७ होती. म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी झाली, घट ४.८२ टक्के. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीत पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८, म्हणजे हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया.

कोकणातल्या माणसाला या आकड्याचे नवल वाटत नाही. चाकरमानी मुंबईत आणि घर बाईच्या हवाली, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण पुढचा प्रश्न विचारला की तक्ता गप्प बसतो. ज्या घरातला कर्ता बाहेर आहे, तिथल्या मुली दहावीनंतर शिकतात का? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी किती जणांच्या घरात नळ आहे? गणपतीपुळ्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांतली तरुण मुले गावातच राहिली का? गावाची एकूण लोकसंख्या, साक्षर किती, काम करणारे किती, हे जनगणनेच्या गाववार तक्त्यांत मिळते. पण वरच्या प्रश्नांची उत्तरे बेरजेत सापडत नाहीत. एकेका घराच्या नोंदीत दोन-तीन रकाने एकत्र वाचले तरच ती हाती लागतात. त्या नोंदी सरकारकडे असतात. त्या कुणी, कुठे बसून आणि कोणत्या अटीवर वाचाव्यात, हा या लेखाचा विषय आहे.

कायदा काय म्हणतो

जनगणना कायदा १९४८चा. त्याच्या कलम १५नुसार जनगणनेच्या नोंदवह्या पाहण्याचा हक्क कुणालाही नाही. हे योग्यच आहे. दारात आलेल्या प्रगणकाला आपण खरे सांगतो, ते याच भरवशावर. दुसरा कायदा २००८चा, सांख्यिकी संकलनाचा. त्यात संशोधनासाठी वाट ठेवली आहे. माहिती देणाऱ्याचे नाव-पत्ता काढून टाकायचा, संशोधकाने वापराबद्दल लेखी हमी द्यायची आणि माहिती सुरक्षित राहील याची सरकारने खात्री करून घ्यायची, अशा अटींवर वैयक्तिक नोंदी देता येतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संशोधन आणि सांख्यिकीला सवलत आहे. त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही, ही त्यातली मुख्य अट.

प्रत्यक्षातही काही दारे उघडी आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा मायक्रोडेटा, म्हणजे घरोघरच्या नोंदी नाव-पत्ता वगळून, कुणालाही मिळवता येतो. जनगणना विभागाने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठासह काही विद्यापीठांत संशोधन केंद्रे उघडली. तिथे जाऊन जनगणनेच्या निवडक नोंदींच्या नमुन्यावर काम करता येते.

नाव खोडले तरी माणूस ओळखू येतो

मग सगळेच उघडे का करू नये? कल्पनेतली एक नोंद पाहू. वय ७४, स्त्री, एकटी राहते, शिक्षण एम.ए., चिऱ्याचे कौलारू घर, दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने. नाव नाही, पत्ता नाही. मुंबईत ही ओळ गर्दीत हरवेल. गणपतीपुळ्यासारख्या गावात ती वाचताच कुणीही सांगेल, ‘अगो, ही तर आपली अमक्या वाडीतली काकू!’ मग तिचे उत्पन्न, आजारपण, कर्ज, सगळे उघड्यावर येईल.

ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकात लतान्या स्वीनी या संशोधिकेने मॅसॅच्युसेट्सचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी ‘निनावी’ आरोग्य माहितीतून शोधून काढल्या. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर अमेरिकेतले ८७ टक्के लोक ओळखता येतील, असा अंदाज तिने मांडला.

नमुना सर्वेक्षणात गावाचे नाव देत नाहीत, ते यामुळेच. जानेवारी २०२५पासून श्रमशक्ती सर्वेक्षणाची आखणी जिल्हा धरून होते. वर्षाला २२,६९२ नमुना गावे व वस्त्या, प्रत्येकी १२ घरे, एकूण २,७२,३०४ घरे. देशात पावणेआठशेच्या आसपास जिल्हे धरले, तर सरासरी एका जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे २९ ठिकाणे आणि साडेतीनशे घरे येतात. त्यांतून एकट्या राहणाऱ्या सत्तरीपुढच्या स्त्रिया वेगळ्या काढा. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतील. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे चूक आणि त्या नोंदी उघड करणे धोक्याचे. नऊ तालुक्यांच्या रत्नागिरी जिल्ह्यात एका गावाबद्दल बोलायचे, तर जनगणनेच्या मूळ नोंदींनाच हात घालावा लागतो.

देखरेखीची खोली

यावर जगाने शोधलेला उपाय साधा आहे. माहिती संशोधकाकडे पाठवायची नाही. संशोधकाने माहितीकडे यायचे. अमेरिकेच्या जनगणना विभागाने १९९४ मध्ये बोस्टनला असे पहिले केंद्र उघडले. तिथे काम करणाऱ्याला गुप्ततेची शपथ घ्यावी लागते आणि ती मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयात पाच कसोट्या रुळल्या: माणूस भरवशाचा, काम लोकहिताचे, जागा बंदिस्त, माहिती निनावी आणि बाहेर जाणारा निष्कर्ष तपासलेला. यातली शेवटची कसोटी काकूंना वाचवते. तक्त्याच्या एखाद्या रकान्यात दोन-चारच माणसे उरली, तर तो रकाना खोलीबाहेर जात नाही.

कुलूप लागले की चूकही आतच राहते

बंद माहितीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. ४ मार्च २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी प्रत्यक्ष आकडेवारीचा आधार सक्तीचा केला. राज्याने केंद्राकडे २०११च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेची माहिती मागितली. केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले की ती माहिती सदोष आहे: महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी मिळून ४९४ जाती असताना गणनेत ४,२८,६७७ नावे नोंदली गेली. १५ डिसेंबर २०२१ला न्यायालयाने राज्याची याचिका फेटाळली.

सव्वाचार लाख नावांत शुद्धलेखनाचे घोळ किती, पोटजाती किती, आडनावेच जात म्हणून किती लिहिली गेली, हे निवडायला जाणकार हात लागतात. दहा वर्षे त्या नोंदी नाव-पत्ता काढून एखाद्या देखरेखीच्या खोलीत अभ्यासकांपुढे ठेवल्या असत्या, तर निदान दोष कुठे आणि किती आहे ते कळले असते. गुप्तता माणसाचे रक्षण करण्यासाठी आहे. तिच्या आडोशाने चूकही सुरक्षित राहत असेल, तर त्यात कुणाचेच भले नाही.

१ मार्च २०२७

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ती देशातली पहिली डिजिटल जनगणना असेल, शिवाय जातीची नोंदही होईल. तिच्या नोंदी संगणकात आधीपासूनच असतील. तेव्हा दोन गोष्टी आत्ताच ठरवायला हव्यात. संशोधकाच्या अर्जावर किती दिवसांत निर्णय होईल, याची मुदत जाहीर व्हावी. आणि अशी खोली मोजक्या विद्यापीठांपुरती राहू नये. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र रत्नागिरीत आहे. तिथे एक बंदिस्त खोली, चार संगणक आणि निष्कर्ष तपासणारा एक प्रशिक्षित अधिकारी, एवढे असले तर इथल्या मुलांना आपल्याच गावाचा प्रश्न सोडवायला दूरचे शहर गाठावे लागणार नाही.

प्रगणक दारात येईल तेव्हा काकू ओटीवर बसून सगळ्या प्रश्नांची खरी उत्तरे देतील. घरात कोण, बाहेर कोण, पाणी कुठून येते. त्यांचे नाव कुणाच्या तोंडी जाऊ नये, एवढा शब्द सरकारने त्यांना दिलेला आहे. पाण्याबद्दल त्या जे सांगतील ते कुणीतरी नीट वाचावे आणि त्यांच्यासारख्या साऱ्या घरांपर्यंत नळ पोचावा, हेही त्यांचे तितकेच येणे आहे.