वाघोडियाहून बडोदे : साइडकारमधून शहरदर्शन

मोटारसायकलच्या एका बाजूस जोडलेले, स्वतःचे एक चाक असलेले बसण्याचे आसन म्हणजे साइडकार. युद्धकाळातील चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे वाहन परिचित आहे. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धात निरोप पोहोचविण्यासाठी, जखमींना हलविण्यासाठी आणि मशिनगन वाहून नेण्यासाठी त्याचा मोठा उपयोग करण्यात आला. पुढे स्वस्त मोटारी निघाल्या आणि साइडकार मागे पडली. आपल्याकडे मात्र स्कूटरला साइडकार जोडून पती, पत्नी व दोन मुले असा सगळा संसार रस्त्याने जाताना दिसे, ते दिवस आठवणारी मंडळी आजही पुष्कळ आहेत.

अलीकडे या वाहनास एक निराळेच काम मिळाले आहे. पॅरिस, बार्सिलोना, लिस्बन यांसारख्या शहरांत जुन्या घडणीच्या साइडकारमध्ये प्रवाशास बसवून, चालक स्वतःच वाटाड्या होऊन, शहरातील प्रमुख स्थळे दाखवितो. या कामी उरल या रशियन बनावटीच्या गाड्या बऱ्याच ठिकाणी वापरल्या जातात. त्यांची निर्मिती १९४१ साली एका जर्मन गाडीच्या नमुन्यावरून सुरू झाली. बसमधून शहर काचेपलीकडे राहते आणि पायी हिंडावे तर अंतरे झेपत नाहीत. साइडकारमध्ये मनुष्य रस्त्यापासून दीड हात उंचीवर, उघड्यावर, संथ गतीने जातो आणि सांगणारा त्याच्या खांद्याशीच असतो.

बडोदे शहर असे पाहावयाचे ठरविले, तर कोठून निघावे, काय पाहावे आणि कोणते नियम पाळावे, याचा विचार पुढे केला आहे. आरंभ शहरातून न करता वाघोडियाहून करावा, हे बरे. त्याचे कारण ओघाने येईलच.

वाहनाची चाल

तीन चाकांची ही गाडी मोटारसायकलसारखी दिसत असली तरी मोटारसायकलसारखी चालत नाही. दुचाकी वळणावर कलते, साइडकारची गाडी कलत नाही. दुचाकीवर वर्षानुवर्षे बसणारा मनुष्य प्रथम या गाडीवर बसला की गोंधळतो, तो याच कारणाने. आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून आसन डावीकडे जोडलेले असते. इंजिनाचा जोर मात्र मोटारसायकलच्या मागील चाकावर. त्यामुळे वेग वाढविताना आसन मागे रेंगाळते व गाडी डावीकडे ओढ घेते, आणि ब्रेक लावताना आसन पुढे धावू पाहते व गाडी उजवीकडे वळू लागते. आसनाच्या चाकास स्वतंत्र ब्रेक असेल तर हा दोष कमी होतो.

सर्वांत जपावयाचे ते डावे वळण. वेग अधिक असल्यास आसनाचे चाक जमिनीवरून उचलले जाते. आसन रिकामे असताना हा धोका वाढतो. म्हणून जाणते चालक रिकाम्या आसनात वजन ठेवतात, आणि प्रवासी असल्यास वळणावर त्याला डावीकडे झुकावयास सांगतात. प्रवासी येथे केवळ सामान नसतो, गाडीचा तोल काही अंशी त्याच्याही हाती असतो. निघण्यापूर्वी पाच मिनिटे खर्चून त्याला हे समजावून दिलेच पाहिजे.

नियम काय सांगतात

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील मोटारसायकलच्या व्याख्येतच, काढता-जोडता येणाऱ्या व एक जादा चाक असलेल्या साइडकारचा समावेश आहे. तथापि नोंदणी झालेल्या गाडीस नंतर साइडकार जोडणे हा गाडीतील बदल ठरतो. त्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. शिरस्त्राणाबाबत एक गमतीची गोष्ट अशी, की १९८८ च्या मूळ कलमात साइडकारमधील प्रवाशास सूट होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस हेल्मेट घालणे आवश्यक झाले. जुन्या चित्रांत साइडकारमध्ये बसलेली व्यक्ती उघड्या डोक्याने हसत असते, ते अनुकरण आता नको.

अधिक महत्त्वाचा प्रश्न ‘विंटेज’ या शब्दाचा आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये यासंबंधी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. अशा वाहनास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते. परंतु या नोंदणीची गाडी प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, जुन्या वाहनांची फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या अथवा व्यापारी वापरास मनाई आहे. म्हणजे या नोंदणीच्या खऱ्याखुऱ्या जुन्या गाडीतून भाडे घेऊन शहर दाखविता येणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते, तसा प्रसंग वेगळा. भाड्याने फेरी चालवू इच्छिणाऱ्या तरुणांनी जुन्या घडणीची पण साधी नोंदणी असलेली गाडी घ्यावी, प्रवासी वाहतुकीचा परवाना व विमा यांची चौकशी परिवहन कार्यालयात आधीच करावी, आणि मगच भांडवल गुंतवावे. फलकावर ‘विंटेज’ लिहून भागणार नाही.

आजव्यापासून पाणीदरवाजापर्यंत

वाघोडिया बडोद्याच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तेथून सरळ शहराकडे न जाता प्रथम उत्तरेस आजव्याच्या तलावावर जावे. मातीचा बांध घालून तयार केलेला हा सयाजी सरोवर. १८९२ साली त्याचे पाणी बडोद्यास पोहोचले. तत्पूर्वी शहराची भिस्त विहिरी व तळ्यांवर होती. तलावाची पातळी शहराहून उंच असल्याने पाणी उताराने नळावाटे वाहत जाई, ते ढकलण्यास यंत्र लागत नसे. पुढे शहर वाढले, मही नदीचे व नर्मदेच्या कालव्याचे पाणीही घ्यावे लागले. तरी पूर्व बडोद्याच्या घरांत आजव्याचे पाणी आजही जाते. बडोद्याच्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत आजव्याचा उल्लेख बहुधा बागेपुरता येतो. वस्तुतः राजवाडा, न्यायमंदिर व कॉलेज ज्या शहरात उभे राहिले, त्या शहराची तहान वाघोडियाच्या बाजूच्या शिवाराने भागविली आहे. खेड्यातून येणाऱ्या पाहुण्याने शहर पाहावे ते हे जाणून.

याच तलावाचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. अतिवृष्टीत सोडलेले पाणी विश्वामित्रीत येते, आणि पावागडाकडून येणारी ही नदी शहराच्या मध्यातून जाते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले होते.

आजवा मार्गाने शहरात शिरले की जुन्या कोटाचा पूर्व दरवाजा, म्हणजे पाणीदरवाजा, लागतो. पश्चिमेस लेहरीपुरा, उत्तरेस चांपानेर व दक्षिणेस गेंडी असे आणखी तीन दरवाजे असून चारही दिशांचे रस्ते मधोमध मांडवीशी मिळतात. मांडवीची ही कमानदार चौकोनी वास्तू मोगल काळातील आहे. २०२५ मध्ये तिच्या एका खांबास तडे गेल्याचे दिसून आले. चारही बाजूंनी वाहनांचा लोंढा अष्टौप्रहर चालू असताना वास्तूने किती सोसावे यालाही मर्यादा आहे. येथे साइडकार नेऊच नये. ती दूर उभी करून पायी जावे. पहाटेची वेळ उत्तम.

पुस्तकांच्या पेट्या

मांडवीजवळच बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. शिक्षकांनी येथे सर्वांत अधिक वेळ द्यावा. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला, १८८१ मध्ये त्यास पूर्ण अधिकार मिळाले. या राजाने १८९३ साली अमरेली तालुक्यात व १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळेत शिकलेले अक्षर पुढे वाचावयास काही नसेल तर पुसले जाते, हे ध्यानी घेऊन १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेण्यात आले आणि स्वतःचा ग्रंथसंग्रह महाराजांनी लोकांस खुला केला. पोलादी मांडण्या व काचेच्या जमिनी अशी या ग्रंथालयाची रचना आहे. वरच्या मजल्यावरील उजेड काचेतून खाली झिरपतो आणि आगीचे भय कमी होते.

खेड्यांसाठी लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठविण्याची फिरती ग्रंथालये हा याच योजनेचा भाग होता. पेटी गावात येई, वाचून झाली की पुढील गावी जाई. गावाने स्वतःचे ग्रंथालय काढावयाचे ठरविल्यास गावकऱ्यांच्या वर्गणीला स्थानिक मंडळाची व सरकारची जोड मिळे. दिपवून टाकणारे असे या ठिकाणी काही नाही, म्हणून प्रवासी कंपन्यांच्या बसगाड्या येथे क्वचितच थांबतात.

न्यायमंदिर आणि तळे

लेहरीपुऱ्याबाहेर पडताच १८९६ चे न्यायमंदिर समोर येते. मधल्या दालनात महाराणी चिमणाबाईंचा संगमरवरी पुतळा आहे. अनेक पिढ्यांनी येथे दिवाणी-फौजदारी दावे चालविले. २०१८ मध्ये न्यायालये शहराच्या दुसऱ्या भागातील नव्या संकुलात गेली. वापरातली इमारत आपोआप झाडली जाते, बंद इमारतीस मुद्दाम झाडावे लागते. नजरबाग राजवाड्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गायकवाडांच्या सोन्याचांदीच्या तोफा जेथे दाखविल्या जात, तो वाडा आज उरलेला नाही, पाडला गेला.

न्यायमंदिरासमोर सुरसागर तलाव. प्रवासी डाव्या बाजूस बसलेला असल्याने, एकेरी वाहतुकीचे नियम पाहून, तलाव डाव्या हाताला राहील अशी फेरी घ्यावी. ही प्रदक्षिणेच्या उलट होते खरी, पण पाणी व मधली उंच शिवमूर्ती विनाअडथळा दिसते. काठावरील संगीत महाविद्यालयाचे मूळ मौलाबक्षांच्या १८८६ च्या गायनशाळेत आहे. मराठी वाचकाने जुन्या शहरातील तांबेकर वाडाही वगळू नये. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांच्या या लाकडी वाड्याच्या भिंती एकोणिसाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत.

लक्ष्मीविलास राजवाड्याविषयी येथे थोडक्यात लिहिणे पुरे. मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेले, १८९० मध्ये ते पूर्ण झाले. तो अमक्या राजवाड्याच्या किती पट मोठा, हे वाटाडे आवर्जून सांगतात. त्याऐवजी राजा रविवर्म्यांची चित्रे पाहण्यात वेळ घालवावा. वाटेत कीर्तिमंदिर लागते, तेथे नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत.

कामाठीबाग

विश्वामित्रीच्या पुलापलीकडे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. लोक त्यास ‘काळा घोडा’ म्हणतात. त्याच्या पाठीमागे १८७९ ची सयाजीबाग, जुन्या मंडळींची कामाठीबाग. संग्रहालय, प्राणी, मुलांची गाडी यांसाठी येथे गर्दी असते. वाटाड्याने मात्र पाहुण्यास आधी येथील संकल्पभूमीवर न्यावे.

सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेस गेले. कराराप्रमाणे नोकरी करण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास आले, तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते ओळख लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू स्नेह्याकडे विचारले, ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारले, दोन्हीकडे सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री होती. मधले सुमारे पाच तास त्यांनी याच बागेत काढले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविली आहे.

ज्या राजाने त्यांना समुद्रापलीकडे पाठविले त्याचा पुतळा आणि ज्या झाडाखाली त्यांना बसावे लागले ती जागा, या दोहोंत काही मिनिटांचे अंतर आहे. सक्तीचे शिक्षण देणाऱ्या या राज्याच्या राजधानीत एका पदवीधरास खोली मिळाली नाही. काळ्या घोड्याचा गौरव करणारा वाटाडा ही गोष्ट टाळून पुढे जात असेल तर त्याने शहर अर्धेच दाखविले. येथे गाडीचे इंजिन बंद करावे आणि पाहुण्यास थोडा वेळ एकटे बसू द्यावे.

बागेपासून जवळच बडोदे कॉलेजचा भव्य घुमट आहे. कॉलेज १८८१ चे. अरविंद घोष येथे शिकवीत, विनोबा भावे येथे काही काळ शिकले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्यात समाविष्ट झाले.

एका साइडकारमध्ये एक, फार तर दोन प्रवासी बसतात, त्यामुळे शाळेच्या सहलीस हे वाहन उपयोगाचे नाही. परंतु सहलीपूर्वी एका शिक्षकाने अशी फेरी करून थांबे, अंतरे व सांगावयाच्या गोष्टी टिपून घेतल्यास नंतर तोच मार्ग बसने व पायी विद्यार्थ्यांना दाखविता येईल. आजव्याहून सकाळी सातला निघाल्यास ग्रंथालय उघडण्याच्या सुमारास मांडवीस पोहोचता येते, दुपारच्या उन्हात राजवाडा व संग्रहालय आतून पाहून होतात, आणि संकल्पभूमीवर संध्याकाळी जाता येते. पावसाळ्यात निघण्यापूर्वी विश्वामित्रीच्या पातळीची चौकशी करावी. नदीत मगरी आहेत, काठावर उतरू नये.