चिमणीची पेटी: भोक, उंची आणि अळ्या
चिमणी आणि दयाळ हे ढोलीत घरटे करणारे पक्षी आहेत, म्हणजे ते फांदीवर उघडे घरटे न बांधता झाडाची पोकळी, भिंतीतील भोक किंवा वळचणीची सांदी शोधतात. कौलारू घरांच्या जागी सपाट स्लॅबच्या इमारती आल्यावर चिमणीसाठी अशा सांदी कमी झाल्या आणि लाकडी पेटी हा कामचलाऊ, पण उपयुक्त पर्याय ठरला. चिमणीला सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे भोक पुरते, आणि ते बरेच मोठे ठेवल्यास साळुंकी पेटी बळकावू शकते. भोकाखाली दांडी लावण्याची हौस टाळावी, कारण चिमणीला तिची गरज नसते, भक्षकाला मात्र पाय टेकायला जागा मिळते. पेटी दोन-तीन मीटर उंचीवर, मांजर पोहोचणार नाही अशी आणि दुपारच्या उन्हापासून आडोशाला टांगावी. प्रौढ चिमणी मुख्यतः दाणे खात असली, तरी पिलांना सुरुवातीच्या दिवसांत प्रामुख्याने अळ्या व मऊ कीटक भरवले जातात, त्यामुळे सतत कीटकनाशक फवारलेल्या बागेत उत्तम पेटीचाही फारसा उपयोग होत नाही. पिले उडून गेल्यावर जुना काडीकचरा काढावा, कारण त्यात पिसवांसारखे परजीवी, म्हणजे पक्ष्याच्या रक्तावर जगणारे कीटक, टिकून राहतात.