नवे पदवीधर व माजी विद्यार्थी मंडळें

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागांत, माळशेज घाटाच्या वाटेवर, मढ हें गांव आहे. या बाजूचा मुलगा पदवीसाठीं ओतुरास, जुन्नरास किंवा पुण्यास जातो. पदवी हातीं आली म्हणजे महाविद्यालयाशीं असलेला संबंध संपला, अशी समजूत घरोघर आहे. वस्तुतः त्याच वेळीं तो आपल्या मागून येणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडण्याजोगा झालेला असतो. आणि त्याचें स्थान माजी विद्यार्थी मंडळांत आहे.

अशा मंडळांच्या कार्यकारिणीवर बहुधा वयोवृद्ध व प्रतिष्ठित गृहस्थ निवडले जातात. त्यांच्या अनुभवाचा व देणग्यांचा संस्थेस आधार असतो, हें खरें. परंतु वसतिगृहांत जागा मिळण्यास किती खेपा घालाव्या लागतात, शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला म्हणजे खानावळीचे पैसे कसे थकतात, शेवटची एस. टी. चुकली तर विद्यार्थ्यानें रात्र कोठें काढावी, हें ज्याचें जळतें त्यालाच कळतें. काल बाहेर पडलेला पदवीधरच या अडचणी नेमक्या सांगूं शकतो.

तरुणांस कारभार झेपेल काय, ही शंका जुनीच आहे. २ जानेवारी १८८० रोजीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें, तेव्हां विष्णुशास्त्री चिपळूणकर तिशीच्या आंत होते व टिळक अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढें १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर शिकविलें आणि कारभारही पाहिला. मात्र आजीव सभासदांनीं बाहेरचें काम व प्राप्ति किती ठेवावी, अशा प्रश्नांवरून मतभेद वाढून १८९० सालीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. यावरून बोध घ्यावयाचा तो असा कीं, सेवा स्वेच्छेची असली तरी वेळ व खर्च यांचे नियम आधीं लिहून ठेवावे.

कायद्याची माहितीही नव्या सभासदास हवी. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीं संस्था स्थापण्यास निदान सात इसम लागतात. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलें असेल, तर विश्वस्त बदलल्याची खबर १९५० च्या अधिनियमाप्रमाणें ९० दिवसांच्या आंत धर्मादाय कार्यालयास द्यावी लागते. म्हणून पहिल्याच सभेंत इतिवृत्त, हिशेब व बदल अर्ज हे तीन कागद मागून पाहावे.

मंडळाबाहेरही एक दार उघडें आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणें विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधि निवडून जातात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेंत पुणें, नाशिक व अहिल्यानगर हे तीन जिल्हे येतात. पदवी मिळाली म्हणून मतदारयादींत नांव आपोआप चढत नाहीं. त्यासाठीं अर्ज करावा लागतो. जुन्नर-आंबेगांवच्या पदवीधरांनीं तो केला नाहीं, तर निवडणुकींत त्यांच्या गाऱ्हाण्याची दखल कोण घेणार?

आमची सूचना अशी. प्रत्येक मंडळानें निदान दोन जागा गेल्या पांच वर्षांतील पदवीधरांसाठीं राखाव्या व त्यांची मुदत दोन वर्षांची ठेवावी. प्रवासखर्च मंडळानें द्यावा. नाहींतर शहरांत राहणाराच तेवढा सभासद होईल. भाताच्या आवणीच्या व कापणीच्या दिवसांत सभा ठेवूं नये. घरच्या वडीलधाऱ्यांनींही वर्षांतून चार-सहा दिवस मुलास शेतकामांतून मोकळें करावें. मुलगी पदवीधर झाली असेल तर तिलाही हें काम करूं द्यावें. मुलींच्या वसतिगृहाची स्थिति तिच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? पुढल्या जूनमध्यें ज्याचें मूल शिक्षणासाठीं गांव सोडील, त्या प्रत्येक शेतकऱ्याचें हित यांत आहे.