ट्रेलरला ब्रेक घरी बसवले, पण १२ व्होल्टनी फसवलं

ऐकायला वेळ नसेल तर हा घ्या आजच्या भागाचा लिखित अवतार. मधले ‘म्हणजे बघा’ मी काढून टाकलेत, भरपूर होते.

मी टेक्ससमध्ये राहतो, पोटासाठी कोड लिहितो. एक जुना, एका ॲक्सलचा ट्रेलर घेतला होता. त्याला ब्रेकच नव्हते. एकदा माती भरून आणताना पावसात सिग्नलला ब्रेक दाबला, तर पिकअप थांबेना. मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटलं. गावाकडे उसाची भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी रेटते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. थांबलो तेव्हा पुढच्या गाडीत आणि माझ्यात हातभर अंतर होतं. इथे नियम राज्याप्रमाणे बदलतो, कित्येक राज्यांत एकूण वजन ३,००० पौंडांच्या वर गेलं की ब्रेक लागतातच. पण त्या दिवशी मला नियमाची गरज राहिली नाही.

हे ब्रेक चालतात कसे? ड्रमच्या आत एका दांड्याच्या टोकाला इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटायला बघतो, ड्रम त्याला सोबत ओढतो, दांडा वळतो आणि शू बाहेर दाबले जातात. म्हणजे करंट फक्त इशारा देतो, जोर चाकाचाच. मस्त डिझाइन आहे!

विकत घ्यायच्या आधी चाकामागे ॲक्सलवर चार भोकांची फ्लँज आहे का बघा. नसेल तर ती वेल्ड करावी लागते, आणि ते काम वेल्डरचंच. माझ्याकडे होती. ३,५०० पौंडांच्या ॲक्सलला १० इंची ब्रेक बसतात, जुन्या हबच्या जागी ड्रमवाला हब येतो. डावा-उजवा सेट वेगळा असतो. छोटा शू पुढच्या बाजूला यायला हवा, उलटं बसवलंत तर ब्रेक नीट लागणार नाही. शूला ग्रीसचा हातही लागू देऊ नका. आणि ट्रेलर नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, जॅक स्टँड हवेतच. एवढं पाळलंत तर बोल्टाबोल्टीचं काम एका शनिवारात होतं.

खरी गंमत वायरिंगमध्ये. प्रत्येक मॅग्नेटला दोन वायर. एक सात पिनांच्या प्लगच्या निळ्या वायरला, दुसरी ग्राउंडला. मी आळस केला आणि ग्राउंड चॅसिसच्याच एका बोल्टला जोडलं. मॅग्नेटची वायर सुटी ठेवून मल्टिमीटर लावला: १२ व्होल्ट. झालं, टेस्ट पास! रस्त्यावर मात्र ब्रेक असून नसल्यासारखे.

मग मीटर अँपिअरवर टाकून निळ्या वायरमध्ये मालिकेत जोडला आणि ब्रेकअवे स्विचची पिन ओढली. (ट्रेलर गाडीपासून सुटला तर ही पिन ओढली जाते आणि ट्रेलरवरची छोटी बॅटरी ब्रेक लावते. ही टेस्ट करताना गाडीचा प्लग काढून ठेवा.) दर मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर, म्हणजे दोघांना मिळून ६ हवेत. दिसले जेमतेम ३. मॅग्नेट जोडलेला असताना व्होल्टेज मोजलं तर ५. बाकीचे ७ व्होल्ट त्या बोल्टखालचा रंग आणि गंज खात होता! करंट वाहत नसताना गंजातूनही १२ व्होल्टच दिसतात, कारण करंट नाही तर घटही नाही. ओहमचा नियम बीटेकला चार वेळा लिहिलाय मी, तरी फसलो.

मग दोन्ही ग्राउंड वायर जाड घेऊन थेट प्लगच्या पांढऱ्या वायरला जोडल्या. करंट सहाच्या वर गेला.

गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. गाडी जितकी जोरात थांबते तितकाच करंट सोडणारा, प्रपोर्शनल प्रकारचा घ्या. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० मैलांवरून २० वर असं वीसेक वेळा सावकाश थांबत शू बसवून घ्या. पहिल्या ५० मैलांनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने परत तपासा. माझे दोन नट थोडे सैल निघाले होते.